नमुना मागता, तो आता कुठून आणू?

मा. अन्नसुरक्षा मंत्री महोदय यांस,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यात येऊन आपण भर सभेत म्हणाला होतात, "खाण्यातून कुणाला बाधा झाली तर तक्रार करा, आठ दिवसांत माणूस दारात येईल." मी तक्रार केली. आज सदतिसावा दिवस. माणूस आला नाही, फोन आला : "खाल्लेल्या पदार्थाचा नमुना आहे का?"

माझा मुलगा २३ वर्षांचा, पुण्यात कामाला. मित्रांबरोबर समुद्रकाठी गेला आणि एका हॉटेलात लिंबू पिळून कच्ची कालवं, म्हणजे शिंपल्यातला जीव, खाल्ली. आमच्या घरी मासा तापीचा, तोही काळ्या मसाल्यात रटरट शिजवलेला. महिन्याभराने केळी कापणीसाठी गावी आला आणि तापाने फणफणला. भाकरीचा वास सोसेना. मग डोळे हळदीसारखे. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, १४. हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूची कावीळ. आजी उशाशी बसून विचारायची, "काय खादं रे भाऊ?" त्याला आठवेना. कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या, असं अर्धं गाव सांगत होतं. मी जळगावला नेलं. अकरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलो. इकडे घड झाडावरच पिकले. त्या पैशांवर सोसायटीचं कर्ज फिटणार होतं.

महोदय, हा विषाणू शरीरात १५ ते ५० दिवस गप्प बसतो. नमुना मागणाऱ्याला एवढंही माहीत नसावं? अमेरिकेत कालवांच्या पोत्यावरची चिठ्ठी हॉटेलवाल्याला ९० दिवस जपावी लागते. माल कुठल्या पाण्यातला, कधी काढलेला, सगळं तिच्यावर असतं. आमचा हॉटेलवाला म्हणाला, "माल रोज येतो, कुठून ते विचारत नाही."

कालव पाणी गाळून जगतं. शहराचं सांडपाणी खाडीत सोडलं की त्यातली घाण त्याच्या पोटात साठते. लिंबाने हा विषाणू मरत नाही, चांगलं शिजवावंच लागतं. १९८८ साली शांघायमध्ये असल्याच शिंपल्यांतून जवळपास ३ लाख लोकांना कावीळ झाली. जगाला हे केव्हापासून ठाऊक आहे. आमच्यापर्यंत कुणी पोचवलं?

आणि परवा माझा सहा वर्षांचा पुतण्या पिवळा पडला. त्याने समुद्रही पाहिलेला नाही. चुलत भावाकडून लागली की नळातून, डॉक्टरांना सांगता येत नाही, कारण आमच्या गल्लीची पिण्याची पाइपलाइन गटारीतून जाते. सात वर्षं अर्ज करतोय. प्रत्येक साहेब म्हणतो, हे माझ्या खात्यात येत नाही. खाडी एका खात्याची, हॉटेल दुसऱ्या, नळ तिसऱ्या. पोरं तेवढी आमची. या रोगाची लस आहे, पण सरकारी लसीकरणात नाही. खासगीत हजाराच्या वर मोजावे लागतात.

कालवांच्या पोत्यावर चिठ्ठी सक्तीची करा. आमची पाइपलाइन गटारीबाहेर काढा.

पुतण्याचा दुसरा रिपोर्ट सोमवारी येईल. त्याआधी कुणाला पाठवणार असाल, तर गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे. पाणी सकाळी सहाला सुटतं. तिथला नमुना घ्या.

आपला,
तापीकाठचा एक केळी उत्पादक