कोकिळेला घर, तांबटाला करवत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील उद्यानात पक्ष्यांसाठी टांगलेल्या लाकडी घरट्यांची बातमी कालच्या अंकात वाचली आणि तिच्यासोबतचे छायाचित्रही पाहिले. छायाचित्राखाली 'आता कोकिळेलाही हक्काचे घर' अशी ओळ आहे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते; तिला घर देऊ करणे म्हणजे जन्मभर पंक्तीत जेवणाऱ्याला शेगडी भेट देण्यासारखे आहे. शिवाय छायाचित्रातील तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा पक्षी कोकिळा नसून भारद्वाज आहे, आणि तोही खोक्यात राहत नाही, दाट झुडपात स्वतःचे घरटे बांधतो. असो. चूक एवढ्यावरच थांबली असती, तर मी पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले नसते.

याच उद्यानाच्या मागच्या भिंतीलगत एक जुना गुलमोहर आहे. त्याची एक फांदी काही वर्षांपूर्वी वाळली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला तांबट पक्ष्याच्या जोडीने ढोली कोरायला घेतली. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरव्या अंगाचा आणि कपाळावर लाल टिळा असलेला हा पक्षी पुष्कळांनी पाहिलेला नसतो. पण तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा त्याचा 'टुक् टुक्' आवाज उन्हाळ्याच्या दुपारी ऐकला नाही असा माणूस विरळा. नर आणि मादी आळीपाळीने चोच चालवीत होती आणि भुसा खाली पडत होता. काही दिवसांत रुपयापेक्षा थोडे मोठे, कंपासने आखल्यासारखे गोल भोक तयार झाले. मी रोज सकाळी फिरायला जातो. एप्रिलमध्ये आतून पिलांचा आवाज येऊ लागला आणि जोडी चोचीत उंबराची फळे धरून ये-जा करू लागली.

त्यानंतर आठवड्याभरातच पावसाळापूर्व छाटणीसाठी ठेकेदाराची माणसे यांत्रिक करवत घेऊन आली. मी त्यांना ढोली दाखवली आणि हात जोडून विनंती केली की, निदान तीन आठवडे ही फांदी राहू द्या. त्यांचा मुकादम अत्यंत नम्रपणे म्हणाला, 'काका, वाळकी फांदी आहे, कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण?' प्रश्न रास्त आहे. पायवाटेवरच्या आणि खेळाच्या जागेवरच्या वाळक्या फांद्या कापल्याच पाहिजेत, याविषयी माझे दुमत नाही. परंतु या फांदीखाली भिंत, खताचा खड्डा आणि मोडलेली घसरगुंडी यांखेरीज काहीही नव्हते, आणि खताच्या खड्ड्यात डोके घालून बसणारा नागरिक मला आजवर भेटलेला नाही. पाच मिनिटांत फांदी खाली आली आणि ढोलीसकट टेम्पोत गेली. पुढचे दोन दिवस ती जोडी चोचीत फळ घेऊन येत होती आणि कापलेल्या खुंटावर बसून राहत होती.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हेदेखील येते. ही तरतूद छाटणीच्या कंत्राटात कुणी लिहिते काय, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते. ते राहिले बाजूला आणि बातमी आली ती रंगीत खोक्यांची, ज्यांवर देणगीदाराचे नाव पक्ष्याच्या दारापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा असा. चिमणी किंवा दयाळ क्वचित अशा खोक्यात येईलही. पण तांबट आणि सुतार पक्षी यांना स्वतः कोरलेली ढोलीच लागते, आणि त्यासाठी वाळलेले, मऊ पडलेले लाकूड लागते. त्यांनी सोडून दिलेल्या ढोल्यांत पुढे साळुंकी, पोपट असे दुसरे भाडेकरू येतात. म्हणजे एक वाळकी फांदी कापली की नुसते एक घर जात नाही, पुढच्या भाडेकरूंचीही सोय जाते. बांडगुळाचेही तेच. झाडाला लागलेली कीड समजून ते समूळ काढले जाते, आणि त्याची पाने खाऊन वाढणारे हळदीकुंकू फुलपाखरू व त्याची फळे खाणारा फुलटोचा पक्षी उद्यानातून का नाहीसे झाले, याचे आपण आश्चर्य करीत बसतो.

मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, कचऱ्याच्या जुन्या डेपोवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ३७ एकरांच्या त्या जागेत झाडी दाट वाढू दिली आणि पक्षी, फुलपाखरे आपणहून आली. आमच्याकडे मात्र पाचोळ्याचे एक पान जमिनीवर टिकू देत नाहीत. पाचोळा उलथून खाणाऱ्या सातभाई पक्ष्यांनी किडे शोधायचे तरी कुठे? त्यांची उणीव भरून काढण्यासाठी प्रवेशद्वारावर ध्वनिवर्धक लावला असून त्यावर सकाळी सहापासून बासरी आणि पक्ष्यांचा ध्वनिमुद्रित किलबिलाट चालू असतो. तो इतका मोठा असतो की खरा दयाळ गात असला तरी ऐकू येत नाही. याबद्दल मी दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही वेळा पोच मिळाली, आवाज तेवढाच राहिला.

माझी मागणी फार मोठी नाही. छाटणी मे महिन्यापर्यंत न लांबवता डिसेंबर-जानेवारीत उरकावी, आणि वाटेपासून दूर असलेल्या वाळक्या फांद्या ढोली तपासल्याशिवाय कापू नयेत. यासाठी निधी लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

हे पत्र आजच लिहिण्याचे कारण असे की, त्याच गुलमोहराच्या दुसऱ्या वाळक्या फांदीखाली तांबटाने यंदा पुन्हा कोरायला सुरुवात केली आहे आणि परवाच त्या फांदीवर कापणीची लाल खूण झाली आहे. आपल्या छायाचित्रकारास एखाद्या सकाळी साडेसातच्या सुमारास मागच्या भिंतीकडे अवश्य पाठवावे. मी तेथेच बाकावर असतो. पक्ष्याचे नाव मी सांगेन.

आपला,
एक जुना वर्गणीदार