टाचेतल्या एका थेंबासाठी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. गेल्या पावसाळ्यात एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. "डॉक्टर, हिचे दातच पुरते येईनात." पोरगी मांडीवर निमूट बसलेली. जाडसर जीभ ओठांबाहेर, नाक बसकं, चेहरा सुजल्यासारखा, कातडी खरखरीत. दुधाच्या वीस दातांपैकी नऊच दिसत होते. एक्स-रे काढला तर बाकीचे हिरडीखाली तसेच अडकलेले.

दातांचं सोडून मी भलतंच विचारू लागले. शौचाला साफ होते का? जन्मानंतर कावीळ किती दिवस होती? "महिनाभर होती. पण पोर फार गुणाची, रडायचीच नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस." दात येईनात तेव्हा सासूबाईंनी समजूत घातली होती, उशिराचे दात पक्के असतात. मी टीएसएच तपासायला सांगितलं, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी नीट काम करते का ते सांगणारी रक्ततपासणी. आकडा शंभरच्या वर निघाला, म्हणजे थायरॉईड फारच कमी.

जन्मतःच थायरॉईड कमी असेल तर हाडांची वाढ रखडते. कवटीचा तळ आखूड राहतो, म्हणून नाकाचा पूल बसतो. दातावरचं हाड वेळेवर झिजत नाही, त्याला वर यायला वाट मिळत नाही. थायरॉईडची गोळी सुरू केली की दात बऱ्यापैकी मार्गी लागतात, चेहऱ्यावरची सूज उतरते. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूच्या वाढीचं जे नुकसान झालं, ते पूर्ण भरून निघत नाही. तीच गोळी पहिल्या दोन आठवड्यांत, आईच्या दुधात विरघळवून चमच्याने मिळाली असती, तर ही मुलगी आज इतर मुलींसारखीच बालवाडीत गाणी म्हणत असती. हे मी त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगू?

आपल्याकडे साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा आजार असतो. तो ओळखायला बाळ दोन-तीन दिवसांचं असताना टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हे १९७४ पासून केलं जातं. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर सुरुवात केली होती. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी विचारते, तर बहुतेकींनी या तपासणीचं नावही ऐकलेलं नसतं.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं दुखणं आणखी अवघड. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. त्यामुळे वरचा जबडा लहान, टाळू अरुंद, काही दात मुळातच नसतात, जे असतात तेही उशिरा येतात. हिरड्या तर कोवळ्या वयातच सडू लागतात. त्यात या मुलांना थायरॉईडचा त्रास इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. पण मूल सुस्त झालं, जीभ जाड दिसली, की "तो तसाच आहे" म्हणून विषय संपतो. वर्षातून एकदा रक्त तपासायला हवं, ते राहूनच जातं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत येतात, मुलांची तोंडं उघडून बघतात. त्यांना एवढाच आदेश द्या: तेरा महिने उलटूनही एकही दात नसेल, तर बाळाचं थायरॉईड तपासा. डाऊनच्या प्रत्येक मुलाचं दरवर्षी तपासा. आणि त्याही आधी, जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे, मग ते ग्रामीण रुग्णालय असो की खासगी नर्सिंग होम, टाचेतला तो थेंब घेणं सक्तीचं करा. नमुने वेळेत पोचवायची आणि अहवाल आशाताईंमार्फत घरी कळवायची सोय करा.

त्या मुलीची आई आता पुन्हा गरोदर आहे. दिवाळीनंतरची तारीख आहे. "या बाळाचं रक्त कुठे घेतील?" असं तिने परवा विचारलं. मी तिला जिल्ह्याच्या गावचा एक पत्ता लिहून दिला. तिच्या घरापासून ते सत्तर किलोमीटर आहे.

आपली,
तालुक्यातील एक दंतवैद्य