अण्णा, त्या वर्षी तुमची आळंदी चुकली

तीर्थस्वरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "ठेव आता, माऊली" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमचा धाकटा भाऊ गेला तेव्हा तुम्ही आणि तुमच्या भजनी मंडळानं काय केलं, ते इतरांनाही कळायला हवं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या मागेपुढे, उसाचा हंगाम सुरू होता. अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीच्या मागं ना दिवा होता, ना लाल पट्टी. त्याबद्दल आज एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वीणा घेऊन दारात आलात. आळंदीच्या पायी दिंडीसाठी बांधलेलं तुमचं गाठोडं घरी तसंच पडून होतं, हे मला काकूंकडून फार उशिरा कळलं. सुतकाच्या घरात टाळ-मृदंग कसला, असं आमच्याच भावकीतलं कुणीतरी म्हणालं. तुम्ही वाद घातला नाहीत. "नामाला सुतक नसतं," एवढंच बोललात आणि ओसरीवर बसलात. आमची चूल बंद होती, म्हणून पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीकसुद्धा तुम्ही घरून मळून आणली होती. शोकाच्या घरी काय मागायचं नाही, याचा इतका बारीक विचार केलेला मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

पखवाजावर त्याचाच वर्गमित्र होता. पोराचे हात थरथरत होते. तुम्ही त्याला म्हणालात, "आज नुसता भजनी ठेका धर. लग्गी नको, तिहाई नको." म्हणजे बोटांची कसलीही करामत नको. एरवी आपलं मंडळ किती चढ्या पट्टीत गातं! त्या दिवशी तुम्ही पेटीवाल्यांना पट्टी खाली घ्यायला लावलीत, विण्याच्या खुंट्या सैल केल्यात, पखवाज उतरवून घेतलात. रडून बसलेल्या गळ्यालाही ओढ घेता यावी, एवढ्यासाठी. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी आतून आत्याचा आवाज आला, मग काकूंचा.

त्याआधी सकाळी कुणीतरी चांगल्या मनानं स्पीकरवर भजनं लावली होती. गाणारे नामवंत होते, गळे गोड होते. पण आईला हुंदका आला तरी ते गाणं पुढं चालतच राहिलं. संध्याकाळी तुम्ही गात असताना तिला तसाच उमाळा आला. तुम्ही अभंगाचं पुढचं चरण घेतलंच नाहीत. धृपदावरच थांबलात. टाळकऱ्यांनी टाळ दाबून धरले आणि तीच ओळ हळू आवाजात फिरत राहिली, तिचा श्वास परत येईपर्यंत. मग तुम्ही पुढं गेलात. अण्णा, समोरच्या माणसाचं ऐकत ऐकत गायलेलं गाणं म्हणजे काय, ते मला त्या ओसरीवर कळलं. शहरात मी तिकीट काढून मोठमोठ्या मैफली ऐकल्या आहेत. तुमच्या त्या थांबण्याच्या तोडीचं मी काही ऐकलेलं नाही.

रोज हरिपाठ आणि रूपाचे अभंग व्हायचे, शेवटी पसायदान. गौळण तुम्ही वगळत होतात. मग एके दिवशी वडीलच म्हणाले की त्याला गौळण आवडायची, एक म्हणा. तुम्ही त्यांच्याकडं नीट पाहिलंत आणि सुरुवात केलीत. पोराच्या बोटांत त्या दिवशी पहिल्यांदा लग्गी आली आणि तुम्ही त्याला अडवलं नाहीत.

आणि ती कार्तिक वद्य त्रयोदशी. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये याच तिथीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. अजूनही त्या दिवशी नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज तिथं समाधीचं कीर्तन करतात. तुम्ही दरवर्षी ते ऐकायला जाता. त्या वर्षी दुपारी तुम्ही आमच्या अंगणात नामदेवांचे समाधीचे अभंग म्हणालात. निवृत्तीनाथ थोरले, शिवाय ज्ञानदेवांचे गुरू. तरी धाकट्याच्या वियोगानं त्यांचाही धीर सुटला, हे नामदेवांनी लिहून ठेवलंय. तोवर मी थोरली म्हणून सगळ्यांना पाणी देत, पै-पाहुणे बघत कोरडी फिरत होते. त्या अभंगाला मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले. कुणी "गप्प बस, धीर धर" म्हणालं नाही. टाळ चालू राहिले, त्यामुळं मला माझ्या आवाजाची लाजही वाटली नाही.

तेराव्याला वडिलांनी पाकीट पुढं केलं, ते तुम्ही घेतलं नाहीत. म्हणून एक विनंती करते, हिला नाही म्हणू नका. मंडळाच्या पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलायला झाली आहे असं तो पोरगा सांगत होता, तो खर्च आमच्याकडं. आणि यंदा तुमचे गुडघे पायी चालू देत नाहीत, तर दशमीला मी गाडी घेऊन येते. आई येणार म्हणते आहे. काकूंनाही तयार ठेवा. त्रयोदशीचं कीर्तन आपण सगळे मिळून आळंदीतच ऐकू.

तुमची,
पलीकडच्या वस्तीवरची लेक