जमीन संस्थेच्या नावावर झाली : काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

नगर भूमापन कार्यालयातून मिळालेल्या मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून अखेर आमच्या गृहनिर्माण संस्थेचे नाव लागले आहे. सर्व सभासदांच्या वतीने हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण ठाण्यातल्या अनेक जुन्या इमारतींतील रहिवासी आजही आमच्यासारख्याच समजुतीत असतील. आपले नाव लिहू नये, ही आपली इच्छा पाळली आहे.

मालमत्ता कर आम्ही भरत होतो, गच्चीची गळती आम्ही थांबवत होतो, लिफ्ट, पाण्याची टाकी, विमा असा सगळा भार आमच्यावर होता. साहजिकच इमारत आमचीच, असे आम्ही धरून चाललो होतो. करारनाम्याने सदनिका मिळते, पण अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून देणारा दस्त) होईपर्यंत जमिनीवरचा हक्क बिल्डरकडेच राहतो, हे आपण पहिल्याच सभेत आमचेच कागद उघडून दाखवलेत. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचे असते. आमचे बिल्डर हयात नाहीत आणि वारस पत्रांना उत्तर देत नव्हते. उद्या पुनर्विकासाची वेळ आली असती, तर इतकी वर्षे इमारत सांभाळूनही वाढीव चटईक्षेत्रावर हक्क सांगताना आमचे हात रिकामे राहिले असते.

त्याच कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीमुळे बिल्डरच्या सहीवाचूनही सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) अर्ज करता येतो, हे आपल्यामुळे कळले. त्यानंतरचे काम किचकट होते. मूळ मालकांपासून पुनर्विक्रीपर्यंतचे प्रत्येक सदनिकेचे करारनामे, त्यांचे इंडेक्स टू (नोंदणीचे उतारे), मंजूर नकाशे, वास्तुविशारदाचा दाखला, वारसांना नोटिसा, मग सुनावण्या, मुद्रांक शुल्क किती हे ठरवून घेणारा अभिनिर्णय, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि शेवटी फेरफार, म्हणजे मिळकत पत्रिकेवरील धारकाच्या नावातला बदल. गुडघेदुखी असूनही आपण प्रत्येक सुनावणीला आलात, आणि आमच्या इमारतीत आपली एक वीटही नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आपली एक अट. फाइल आपल्या घरी ठेवण्याची विनंती आम्ही केली तेव्हा आपण ती साफ नाकारलीत, “फाइल संस्थेची आहे, ती संस्थेच्याच कपाटात राहील,” असे म्हणालात, आणि समितीतल्या प्रत्येकाने प्रत्येक कागद वाचल्याशिवाय अर्जावर सही होऊ दिली नाहीत. तेव्हा काहींना हा हट्ट वाटला होता. परंतु सुनावणीत क्षेत्रफळातील तफावतीबद्दल विचारणा झाली, तेव्हा उत्तर आमच्या खजिनदार ताईंनी स्वतः दिले. आपण शेजारी बसून होतात. इतका जीव ओतूनही काम आमच्याच हातात ठेवण्याचा हा मोठेपणा आम्ही विसरणार नाही.

शेजारच्या दोन संस्थांनी आमच्याकडे चौकशी केली आहे. कागदपत्रांची यादी आम्ही त्यांना दिली असून एका संस्थेच्या सभेत आमचे दोन सभासद ती समजावून सांगणार आहेत. क्षेत्रफळाचा प्रश्न त्यांच्याकडेही आहे. आपली अनुमती असल्यास तेवढ्यापुरते त्यांना आपल्याकडे पाठवू.

आपली नम्र,
सचिव, संस्थेच्या सर्व सभासदांच्या वतीने