त्या पतंगाला साखरपाणी देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात तळहातावर बसवलेल्या ॲटलास पतंगाचा फोटो आला होता, छान होता, पण त्या निमित्ताने काही लिहावंसं वाटलं कारण पाऊस सुरू झाला की दरवर्षी आमच्या सिंधुदुर्गात हेच बघतो. गोठ्याच्या किंवा दुकानाच्या बल्बवर हा पतंग येऊन बसतो, लोक जमतात, कोणी पंखाला धरून उचलतो, कोणी पोरांना दाखवायला खोक्यात ठेवतो आणि मग भूक लागली असेल म्हणून कापसावर साखरपाणी नाहीतर केळ्याची फोड देतात. देणाऱ्याच्या मनात दयाच असते हो, पण त्या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं! सोंड नावापुरती, तिचा काही उपयोग नाही.

मग जेवणाच्या ताटाएवढा, पंख पसरले की २५ सेंटीमीटरच्या आसपास जाणारा हा जीव जगतो कशावर तर अळी असताना खाल्लेल्यावर. दालचिनी, पेरू, लिंबू अशा झाडांचा पाला ती अळी दिवसरात्र खाते, साधारण १० सेंटीमीटर लांब होते, अंगावर पांढरी पूड असते तिच्या, आणि मग पानं गुंडाळून रेशमाचा कोष करते. एवढे मोठे पंख, मादीच्या पोटातली अंडी, सगळं त्या पाल्यातूनच आलेलं असतं. बाहेर आल्यावर आठवडा, फार तर दोन आठवडे, बस. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर आपल्या पिसासारख्या मिशांनी तो अंधारात लांबून ओळखत येतो, मला तर त्याच्या आकारापेक्षा हीच गोष्ट जास्त भारी वाटते. पण वाटेत आपला हॅलोजन लागला की तो तिथेच घिरट्या घालत राहतो, साठवलेली ताकद तिथेच संपते आणि सकाळी कावळे नाहीतर मांजर त्याला खातात. खोक्यात ठेवलेल्याचं पण तेच, एक रात्र कोंडलं म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा मोठा तुकडा गेला बघा.

जगात याच्या तोडीचे फार थोडे आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या व्हाइट विच पतंगाच्या पंखांचा पसारा जवळपास ३० सेंटीमीटरपर्यंत जातो, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आणि न्यू गिनीत हर्क्युलस पतंग आहे त्याचे पंख क्षेत्रफळाने प्रचंड असतात, आणि या यादीत बसणारा एक आपल्या सह्याद्रीत, परसातल्या पेरूवर वाढतो याचा मला खरंच अभिमान वाटतो. काही जण पंखाच्या टोकाला सापाचं तोंड दिसतं म्हणून घाबरून झाडू मारतात. त्याला डिवचलं की तो खाली पडून पंख फडफडवतो तेव्हा तर अजूनच साप वाटतो, पण ना चावतो ना डंख मारतो, विष वगैरे काही नाही.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली दोन ओळी टाका, पंखाला धरू नका कारण बोटाला लागते ती पूड म्हणजे पंखावरचे खवले असतात आणि ते परत येत नाहीत, आणि बाहेरचा दिवा बंद करा. दिवा बंद केला की बराच वेळ बसून राहतो, मग रात्रीतच निघून जातो. दिवसा सापडला तर कागदावर चढवून सावलीतल्या झाडावर ठेवा, बाकी काही करायला लागत नाही. आणि बागायतदारांनी पेरूची छाटणी करताना पानात गुंडाळलेला तपकिरी कोष दिसला तर तेवढी एक फांदी ठेवावी.

आपला,
एक वाचक, कणकवली