ओहोटी अकरा वाजता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. यंदा तृतीय वर्षाच्या चाचणीत अनुकूलनाचं उदाहरण विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांच्या चोची लिहिल्या. उत्तर बरोबर, गुण दिले. पण त्यात खाडीकाठी वाढलेली एक मुलगी होती. तिला विचारलं, ‘निवटीचं का नाही लिहिलंस?’ म्हणाली, ‘मॅडम, ते पुस्तकात नाही ना.’

कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी साठवून, ओल्या कातडीतून श्वास घेत चिखलावर परांच्या जोरावर सरकणारा हा निवटी मासा तिने लहानपणापासून पाहिलाय. शेजारी कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. उत्क्रांती आणि परिसंस्था हे दोन्ही पेपर तिच्या दारात आहेत!

अडचण वेळापत्रकाची आहे. आमचं प्रॅक्टिकल अकरा ते दोन. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दुपारी बाराच्या आसपास भरती असते. मोठी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी. अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते, पण ती भांगाची, पाणी फारसं हटत नाही. म्हणजे जे खडक दाखवायचे ते आमच्या तासाला कायम पाण्याखाली.

त्या खडकांवर पायाला कापणारी पांढरी कवचं असतात, ती बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याची. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या आधी आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली. जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खालच्या पट्ट्यातली बार्नेकलची मोठी जात खरवडून काढली, तेव्हा वर राहणारी लहान जात खालीही जगली. वरचा पट्टा तिची आवड नव्हती. खाली मोठी जात तिला जागा देत नव्हती, आणि वरचं कोरडेपण मोठीला सोसत नव्हतं. १९६१ साली छापलेला हा प्रयोग मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी शिकवते, समुद्र तीन किलोमीटरवर असताना.

गेल्या वर्षी स्वतःच्या जबाबदारीवर मुलांना पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर नेलं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं त्या दिवशी मलाच जागा दाखवत होती. मात्र ते तास हजेरीत धरले गेले नाहीत, कारण ते वेळापत्रकाबाहेरचे होते.

विद्यापीठाने किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांना प्रत्येक सत्रात निदान दोन प्रॅक्टिकलं भरती-ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे घ्यायची मुभा द्यावी. येत्या अमावास्येला पहाटे मी वर्ग घेऊन खडकांवर जाणारच आहे. ती हजेरी पटावर लागावी, एवढीच विनंती.

आपली,
प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका, रत्नागिरी