भाड्याच्या गाडीविषयी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगता आली असती. पण फोनवर बाबा दोन वेळा "बरं, बरं" म्हणून आईकडे फोन देतात आणि आई जेवणाचे विचारू लागते, म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे. गेल्या महिन्यात मी जी पांढरी, विजेवर चालणारी गाडी घेऊन अंबाजोगाईला आले होते, ती मैत्रिणीची नव्हती. ती माझ्याकडेच आहे आणि पुढची तीन वर्षे राहणार आहे. मात्र ती माझ्या मालकीचीही नाही, कारण मी ती विकत न घेता भाडेकराराने घेतली आहे. बाबा, तुम्ही तिच्याभोवती दोन चकरा मारून, टायर दाबून पाहून "गाडी चांगली आहे, तुझ्या मैत्रिणीने विचार करून घेतलेली दिसते" असे म्हणालात, तेव्हाच खरे सांगायला हवे होते. मला धीर झाला नाही.

भाडे हा शब्द आपल्या घरात कसा ऐकला जातो हे मला ठाऊक आहे. घरमालकाने ज्या संध्याकाळी आपली पेटी ओसरीवर आणून ठेवली, तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि त्या पेटीवरच बसले होते. त्यानंतर तुम्ही पोटाला चिमटा घेऊन स्वतःचे घर बांधले, त्यामुळे महिन्याला चौतीस हजार रुपये भरून तीन वर्षांनी हाती काहीच न उरणारी वस्तू मुलीने घरात आणावी, हे तुम्हाला पटणार नाही. परंतु बाबा, कर्जावर घेतलेल्या अण्णांच्या ट्रॅक्टरचे काय झाले तेही मी विसरलेले नाही. विकत घ्यायची तर चार-पाच लाख रुपये आधी भरून उरलेल्याचे कर्ज घ्यावे लागले असते, आणि ते चार-पाच लाख मी आईच्या दुखण्याखुपण्यासाठी बँकेत ठेवले आहेत. त्यांना हात लावायचा नाही, हे मी आणि जावयांनी मिळून ठरवले. करारावर सही मात्र माझी एकटीची आहे, तेव्हा रागवायचे असेल तर माझ्यावरच रागवा.

घर आणि गाडी यांत एक फरक आहे, तो तुम्ही शांतपणे विचारात घ्यावा. आपले घर बांधल्यापासून त्याची किंमत वाढतच गेली. विजेच्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो, आणि बॅटऱ्या दर दोन-तीन वर्षांनी सुधारत असल्यामुळे आज घेतलेल्या गाडीला पुढे जुन्या बाजारात काय भाव येईल, हे विकणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. बॅटरीची हमी बऱ्याच कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत देतात, हे खरे आहे, आणि दहा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला विकत घेणेच परवडेल, हेही मी मान्य करते. मला तीन वर्षांच्या पुढचे दिसत नाही. भाड्यात विमा आणि देखभाल दोन्ही आली, आणि मुदत संपली की किल्ली परत करून मोकळे होता येते. मुदतीआधी परत केल्यास दंड आहे, आणि महिन्याला दोन हजार किलोमीटरची मर्यादा आहे. वाळूजला कामावर जाणे-येणे नऊशे किलोमीटर होते, अंबाजोगाईच्या दोन फेऱ्या धरल्या तर आणखी नऊशेच्या आसपास, आणि उरलेल्या दोनशेंत आईला लातूरच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणता येते. हा हिशेब मी सही करण्यापूर्वी तुमच्याच पद्धतीने, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडला होता.

खरे कारण त्या हिशेबातच आहे. भाद्रपदात आई अंगणात घसरून पडली, तेव्हा मला तिसऱ्या दिवशी येता आले, आणि तोवर शेजारच्या काकूंनी तिचे सगळे केले होते. एसटीने येऊन-जाऊन सुट्टीचा दिवस रस्त्यातच संपतो, आणि जुनी पेट्रोलची गाडी एका फेरीला तीन हजार रुपये खात होती. ही गाडी घरच्या विजेवर भरली तर तेच अंतर आठशे रुपयांच्या आतबाहेर होते. रस्त्यावरच्या चार्जरचा दर जवळपास दुप्पट पडतो. पैशाचे कारण सांगून मी तुमच्यापासून दुसरे काही लपवत नाही. आता दर पंधरा दिवसांनी येता येईल, एवढेच मला म्हणायचे आहे.

आई विचारेल की वाटेत लाईट गेली तर काय होणार. आई, गाडीत ३८ युनिटची बॅटरी आहे, म्हणजे आपल्या मीटरवर जे युनिट मोजले जाते तेच. कागदावर तीनशेच्या वर किलोमीटर लिहिले आहेत, पण एसी लावून ऐंशीच्या वेगाने चालवली तर अडीचशेच धरावेत. आपल्याकडे यायला सव्वादोनशेच्या जवळ होतात, म्हणून मी शहागडचा पूल आणि गेवराई ओलांडून बीडला अर्धा तास थांबते आणि चहा पिऊन पुढे निघते. मांजरसुंब्याचा घाट चढताना वीज भराभर उतरते. परतताना त्याच घाटात पाय सोडला की चाकांच्या फिरण्याने थोडी वीज बॅटरीत परत येते, आणि तो आकडा वाढताना पाहून मला लहान मुलासारखा आनंद होतो. गेल्या खेपेला "कामामुळे उशीर झाला" असे सांगितले होते. त्या दिवशी वाटेतले एक चार्जिंगचे यंत्र बंद निघाले आणि मी दुसऱ्याच्या शोधात पाऊण तास घालवला होता. आता निघण्यापूर्वी दोन ठिकाणे पाहून ठेवते, तेव्हा त्याची काळजी करू नये.

बाबा, तुमची चेतक थंडीत चालू होत नसे आणि तुम्ही तिला माझ्यासकट एका कुशीवर कलती करून किक मारत असत. मी पुढे उभी राहून हँडलला लोंबकळत असे आणि ती सुरू झाली की टाळ्या वाजवत असे. त्या नावाची विजेची स्कूटर २०२० पासून बाजारात आहे, आणि ती रस्त्यात दिसली की मला अजूनही पुढे उभे राहावेसे वाटते. या गाडीला किक नाही, क्लच नाही, गिअर बदलणे नाही. तुमच्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नाही, हे तुम्ही कबूल करत नसलात तरी मला दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन डॉक्टरांनी परवानगी दिली की अंबाजोगाईतल्या अंबाजोगाईत ही गाडी तुम्ही चालवून पाहावी, अशी माझी इच्छा आहे. तोपर्यंत लातूरला स्वतः गाडी घेऊन जायचे नाही, आणि रात्रीचे तर मुळीच नाही. यावर वाद नको.

आता कामाचे. येत्या रविवारी वायरमन येऊन ओसरीच्या भिंतीवर १६ अँपिअरचा सॉकेट बसवील, मीटरपासून जाडी वायर स्वतंत्र ओढील आणि गळती झाली तर वीज तोडणारा ईएलसीबी लावील. महावितरणकडे घराचा मंजूर भार वाढवण्याचा अर्ज मी भरला आहे. वायरमनला "स्वयंपाकघरातूनच एक्स्टेन्शन घे, कशाला भिंत फोडतोस" असे सांगू नका. अर्थिंग नीट नसेल तर ही गाडी वीज घ्यायलाच नकार देते, म्हणून मोगऱ्याच्या बाजूला नवा खड्डा घेऊन त्यात कोळसा आणि मीठ भरले जाईल. आपली काळी जमीन चैत्रात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो, तेव्हा आईने उन्हाळाभर मोगऱ्याला पाणी घालताना त्यातही बादलीभर ओतावे. वाकायचे नाही, नळी लावून घ्यावी. सॉकेट बसल्यावर मी आले की शनिवारी दिवसभर गाडी त्याला लावलेली राहील. मध्ये लाईट गेली तर चार्जिंग थांबते आणि आली की बहुतेक वेळा आपोआप सुरू होते. विजेचे बिल वरच्या टप्प्यात जाईल, ते मी भरणार आहे, आणि भाजीच्या पिशवीतून पैसे परत पाठवलेत तर मी सॉकेट काढून नेईन.

गाडी कवठाच्या झाडाखाली उभी करायची नाही. एक कवठ टपावर पडले की पोचा येतो, आणि परत करताना पोच्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तुम्हाला कुणी विचारल्यास हिरव्या पाटीवरचा नंबर आणि आरसीवरचे नाव कंपनीचे आहे, असे सरळ सांगावे; लपवू नये. मी एकदा लपवले, तेवढे पुरे.

बाबा, २०१० साली संभाजीनगरच्या उद्योजकांनी एकदम दीडशेच्या घरात मर्सिडीज घेतल्या, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवून "पेट्रोल कोण भरणार?" असे विचारले होते. माझ्या गाडीला पेट्रोल लागत नाही, एवढे तरी तुमच्या मनासारखे झाले आहे.

आईला राहून राहून एकच प्रश्न पडेल, म्हणून त्याचे उत्तर आधीच देते: भाड्याच्या गाडीला हळदीकुंकू लावायला करारात कुठेही मनाई नाही. तो सगळा मी वाचला आहे. नारळ मात्र चाकाजवळच्या दगडावर फोडावा, बंपरवर नव्हे.

शुक्रवारी रात्री नऊपर्यंत पोहोचते. जेवून घ्यावे, माझ्यासाठी थांबू नये. बाबांनी बीपीची गोळी घेतली का, ते आईने विचारावे, आणि आईने घेतली का, ते बाबांनी.

तुमची,
बेबी